धुरींच्या खिडकीतलं गाव

१

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शांताबाई धुरींनी चहाचा कप स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपलं गाव चोरीला गेलंय.

सोमवारी दिवेलागणीपर्यंत ते जागेवर होतं. मालवणाकडच्या घरापुढचं शेणाने सारवलेलं खळं, मधोमध तुळस, पलीकडे फणस, फणसाच्या बुंध्याला टेकवलेलं घमेलं. आता मुलुंड पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत नुसता काळोख होता. शांताबाईंनी काच पुसली. मग चष्मा पुसला. मग डोळे पुसले, आणि ते मात्र बराच वेळ पुसावे लागले.

ही काय व्यवस्था आहे ते सांगायला हवं. जादू आपल्याकडे पूर्वीपासून होतीच. सरकारने ती ताब्यात घेतली तेव्हा तिला फक्त अर्ज, रांग आणि जेवणाची सुट्टी मिळाली. लहानसहान जादू लोक घरच्या घरी करतात. कुणी मंत्राने कपड्यांना इस्त्री करतं, कुणी लिंबाने मोबाईल चार्ज करतं. मोठी जादू मात्र महापालिकेच्या मंत्रखात्याकडे असते, आणि त्यातली सर्वांत लोकप्रिय योजना गावखिडकीची.

ती निघाली विक्रोळीच्या कारखान्यांसाठी. गणपतीत कोकणातले कामगार रजा टाकून गावाला जात आणि दहा दिवस यंत्रं उपाशी राहत. मालकांनी सरकारला साकडं घातलं. सरकारने तोडगा काढला, की कामगाराला गाव आठवतं म्हणून तो गावाला जातो, तर गावच त्याच्या घरी आणून द्यावं. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिडकी बसवली गेली. तिच्यातून गावच्या घराचं खळं दिसे. आवाज येत नसे, वास येत नसे, दिसे मात्र लख्ख. लोकांनी ढोल बडवले. पुढल्या वर्षी गणपतीला निम्मीच माणसं गावाला गेली. त्याच्या पुढल्या वर्षी चतकोर.

एकंदरीत योजना यशस्वी झाली.

२

बुधवारी खात्याचा माणूस संध्याकाळी साडेसहाला आला, टॉर्च मारला, आणि ‘दृश्यचोरी’ असं लिहून गेला. दृश्यचोरी हा गुन्हा नवा नव्हता. पवईच्या उंच इमारतींत अस्सल कोकणी खळ्याला गिऱ्हाईक होतं. सात दिवसांत दृश्य सापडलं नाही तर खिडकी मृत म्हणून नोंदवायची आणि भिंत बुजवायची, हा नियम.

म्हणून गुरुवारी सकाळी नऊ वाजता शांताबाई मृणालिनी प्रधानांच्या दारात उभ्या होत्या.

मृणालिनीबाई मंत्रखात्यात एकतीस वर्षं खिडकी-निरीक्षक होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लोक अडचण आली की खात्याऐवजी त्यांच्याकडे येत, कारण त्या निदान चहा देत. त्यांना स्वतःला खिडकी नव्हती. तीन पिढ्या मुलुंडमध्येच गेलेल्या. नोकरीत असताना त्यांनी एकदा अर्ज केला होता आणि ‘मूळ गाव’ या रकान्यात खरं ते लिहिलं होतं. खात्याने नियमाप्रमाणे मुलुंडमधून मुलुंड दिसणारी खिडकी मंजूर केली. त्यांनी ती परत केली. पण दुसऱ्यांच्या खिडक्या तपासताना त्यांचा हात काचेवर जरा जास्त वेळ रेंगाळे, हे खात्यात सर्वांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नसे.

“बाई, माझं गाव गेलं हो,” शांताबाई म्हणाल्या. “भिंत बुजवली तर मी बघू कुठे?”

“शेवटचं काय दिसलं तुम्हाला?”

“सोमवारी? वयनी दिसली. माझी थोरली जाऊ, सुनंदा. तीच राहते तिथे. एकटीच. बोलत नाही आम्ही. बावीस वर्षं झाली.”

“भांडण कशावरून?”

“खिडकीवरूनच. खिडकी बसली आणि महिन्याभरात सासूबाई गेल्या. ह्यांना रजा मिळेना, सिद्धेशची शाळा. मी काय केलं, बाराव्याच्या दिवशी न्हाऊन-धुऊन खिडकीत बसले, हात जोडले, पुढ्यात नैवेद्याचं ताट ठेवलं. वयनीने चिठ्ठी पाठवली, ‘बाराव्याला खिडकीतून कोण येतं? आता जेवायलाही खिडकीतूनच ये.’ मला लागलं ते. मीही फणकाऱ्याने उत्तर दिलं नाही. तिनेही पुन्हा लिहिलं नाही.”

“आणि तरी रोज बघता?”

“न बघून सांगते कुणाला? सकाळी मी इथे चहा घेते, ती तिथे पायरीवर चहा घेते. बावीस वर्षं तिचा चहा मी बघतेय. तिच्या डोक्यावरचे पांढरे केस मोजलेत मी.” शांताबाईंनी नाक पुसलं. “मोजायची सोय होती तोवर बरं होतं.”

३

मृणालिनीबाई दहाच्या सुमारास धुरींच्या पिवळ्या टाइल्सच्या स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे सून अक्षता डबे आवरत होती, मुलगा सिद्धेश ऑफिसला न जाता उभा होता, आणि शेजारचे राजेश सकपाळ नेहमीप्रमाणे हजर होते.

मृणालिनीबाईंनी आधी काचेला नाक लावलं, तोंडाभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला आणि बराच वेळ काळोखाकडे पाहत राहिल्या. मग स्टुलावर बसल्या.

“अक्षता, ही खिडकी तुला आवडते?”

“खरं सांगू? नाही आवडत,” अक्षता म्हणाली. “सहा वर्षं मी एका म्हातारीला आमसुलं वाळवताना बघत पोळ्या लाटतेय. माझ्या मैत्रिणींकडे महाबळेश्वर आहे. पण म्हणून मी चोरी करीन का? आईंचा जीव आहे त्यात. मी एवढी वाईट आहे का हो?”

“म्हणजे थोडी वाईट आहेस,” शांताबाई म्हणाल्या.

“आई!”

“सकपाळ, तुम्ही?”

राजेश सकपाळ चाळकऱ्यासारखे पटकन पुढे आले. “मॅडम, माझ्यावर डाउट येणार, मला माहीत होतं. माझं गाव धरणाखाली गेलं. माझ्या खिडकीत गेली अठरा वर्षं फक्त पाणी आहे. हिरवं पाणी. कधीतरी एखादा मासा येतो, माझ्याकडे बघतो, जातो. म्हणून दुपारी इथे येऊन बसतो मी. मावशी वरण-भात वाढतात, मी खळं बघतो. आता मला सांगा, ज्या ताटात फुकट जेवायला मिळतं ते ताट माणूस चोरेल का?”

“चोरून घरी नेईल,” अक्षता म्हणाली.

“ठेवू कुठे? पाण्यात?”

सकपाळांना स्वतःलाच आपलं बोलणं लागलं असावं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

“सिद्धेश,” मृणालिनीबाई म्हणाल्या, “खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. वर, खाली, दोन्ही बाजूंना. ताज्या आहेत.”

सिद्धेशचा चेहरा उतरला. शांताबाईंनी मुलाकडे पाहिलं, आणि ते पाहणं असं होतं की अक्षताने हातातला डबा खाली ठेवला.

४

“रविवारी आई भजनाला गेली होती,” सिद्धेश म्हणाला. “मॉड्युलर किचनवाल्याला बोलावलं. त्याने टेपने खिडकी मोजली. इथे कपाट येणार होतं. आईला नंतर समजावून सांगणार होतो.”

“किती नंतर?” शांताबाईंनी विचारलं.

“कपाट बसल्यावर.”

“झकास,” शांताबाई म्हणाल्या.

“पण आई, मी मापं घेतली फक्त! दृश्याला हात लावला नाही. शपथ घेतो. मंगळवारी मीच पहिला ओरडलो ना खात्याकडे?”

“तो खरं बोलतोय,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “कारण इथे चोरी झालेलीच नाही.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“खिडकी मेली किंवा दृश्य खरवडून नेलं, की मागे चुना उरतो. ती पांढरी पडते. मी शेकड्यांनी पाहिल्यात. ही काळी आहे. आणि खात्याचा माणूस संध्याकाळी आला, म्हणून त्याला दिसलं नाही. आत्ता या, एकेकाने काचेला डोळा लावा. मधोमध बघा.”

शांताबाई पहिल्या गेल्या. काळोखाच्या बरोब्बर मध्यावर वरपासून खालपर्यंत उजेडाची एक रेघ होती. दोऱ्याएवढी. सकाळचं ऊन खळ्यात आलं होतं आणि दोन फळ्यांच्या फटीतून आत शिरत होतं.

“ह्या झडपा आहेत,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “तुमचं गाव जागेवर आहे. कुणीतरी तिथल्या घराची खिडकी लावून घेतलीय. खळ्याच्या बाजूने.”

“वयनीने?” शांताबाईंचा आवाज चिरकला. “म्हणजे एवढ्या वर्षांनी तिने माझ्या तोंडावर खिडकी आपटली?”

“थांबा. सोमवारी तिने काय काय केलं, ते आठवून सांगा. बारीकसारीक सगळं.”

शांताबाईंनी डोळे मिटले. त्यांना आठवायचे कष्ट पडले नाहीत. “आमसुलं उन्हं असतानाच उचलली. कोंबड्या टोपलीखाली घालून बाजूच्या घरी देऊन आली. मग हिरवं लुगडं नेसली, ते पेटीतलं. मला वाटलं कुणाचं लग्न असेल. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावला आणि बराच वेळ उभी राहिली. माझ्याकडे बघत.”

“तुमच्याकडे?”

“म्हणजे भिंतीकडे. घराच्या भिंतीकडे. तिला काय दिसणार? आपली खिडकी एकतर्फी. कागदावर शिक्का आहे तसा.”

मृणालिनीबाईंनी पदर सारखा केला. “शांताबाई, तुमचे यजमान कधी गेले?”

“हे? दोन वर्षं होतील आषाढात. इथेच, ह्या खुर्चीत. चहा पिता पिता.”

“त्या वेळी तुमच्या जाऊबाई काय करत होत्या?”

“मी कुठे बघत होते तेव्हा?” शांताबाई म्हणाल्या. आणि मग हळूहळू म्हणाल्या, “नंतर नजर गेली. त्यांना खाली उतरवत होते तेव्हा. वयनी फणसाखाली बसली होती. डोक्यावरून पदर. हातातली कोयती तशीच खाली पडलेली.”

“गावाला कधी कळवलं?”

“फोन दुसऱ्या दिवशी केला, बाजूच्या घरी,” सिद्धेश म्हणाला.

गॅलरीतून सकपाळ आत आले होते.

५

“तो शिक्का माझा आहे,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं मारला मी. ‘तपासले, एकतर्फी.’ प्रत्येक खिडकीवर. तपासायचं म्हणजे पलीकडे, गावाला जायला हवं. खात्याला प्रवासभत्ता मंजूर नव्हता. माझ्या आधीच्यांनी एकतर्फी लिहिलं होतं, मीही तेच लिहिलं. त्यांनी का लिहिलं असेल? त्यांनाही भत्ता नव्हता.”

“म्हणजे… वयनीला आम्ही दिसत होतो?”

“खळ्यातून घराच्या खिडकीत डोकावलं की घर दिसत नव्हतं. तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं. बावीस वर्षं.”

शांताबाई खुर्चीत बसल्या. आपला चहा, आपली आजारपणं, नवऱ्याचं जाणं, सिद्धेशची दहावी, आपण एकदा सुनेशी भांडून ओट्यावर डोकं टेकून रडलो ते, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत असावं. मध्येच त्या म्हणाल्या, “सकाळचा चहा. ती माझ्याबरोबर घेत होती गं.”

“म्हणजे सगळ्या सोसायटीच्या खिडक्या…” अक्षता म्हणाली आणि खिडकीसमोरच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे तिने घाईघाईने ओढून घेतले.

“माझ्याकडे मासे बघतात म्हणजे खरंच बघतात,” सकपाळ म्हणाले. त्यांना हे कळून बरं वाटलं की वाईट, ते चेहऱ्यावरून समजत नव्हतं.

“पण मग झडपा का लावल्या?” सिद्धेशने विचारलं.

“रविवारी तिने काय पाहिलं? एक अनोळखी माणूस टेप घेऊन खिडकी मोजतोय. तिने ओळखलं, ही बंद होणार. सोमवारी तिने आमसुलं उचलली, कोंबड्या पोचत्या केल्या, ठेवणीतलं लुगडं नेसलं. आता तुम्हीच सांगा शांताबाई, कोकणात बाई चार दिवस बाहेरगावी निघाली, की घराचं शेवटचं काम काय करते?”

“खिडक्या लावून घेते,” शांताबाई म्हणाल्या.

सिद्धेशने लगेच गावच्या शेजारघरी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून एक बाई म्हणाली, “सुनंदाकाकी? ती सोमवारी रातराणीन मुंबईक गेली. लग्न आसा म्हणाली. कोणाचा ता काय सांगूक नाय. कित्याक, पोचूक नाय?”

पोचली नव्हती. मंगळवारी सकाळी ती मुंबईत उतरली असणार, आणि आज गुरुवार होता.

“पंचाहत्तर वर्षांची आहे ती,” शांताबाई उठून उभ्या राहिल्या. “मुंबई पाहिलेली नाही तिने. दोघींपैकी एकीने सासूबाईंजवळ राहायचं होतं. मी नवी होते, मी रडले, म्हणून ती राहिली. बाई, शोधा हो तिला. खिडकी बुजवा, कपाट बसवा, काय हवं ते करा. तिला शोधा.”

“तिच्याकडे तुमचा पत्ता कोणता आहे?”

“पत्ता?” शांताबाईंनी तोंडावर हात ठेवला. “शेवटची चिठ्ठी आली ती विक्रोळीला. कारखान्याच्या वसाहतीत. मुलुंडला आलो त्याला अठरा वर्षं झाली, खिडकीही बरोबर आणून इथे बसवली, पण आम्ही बोलतच नव्हतो ना!”

मृणालिनीबाईंनी फोन काढला. विक्रोळीच्या मंत्रखात्यात त्यांच्या हाताखाली शिकलेली गार्गी होती.

“गार्गी, वसाहतीतून मंगळवारपासून काही तक्रार?”

“तुम्हाला कसं कळलं, मॅडम? तीन आल्यात. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी तळमजल्याच्या स्वयंपाकघरांत डोकावते म्हणे. काही बोलत नाही, बघते आणि पुढच्या खिडकीशी जाते. आम्ही भूतबाधेची फाईल उघडलीय.”

“बंद कर ती,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “ती बाई पिवळ्या टाइल्स शोधतेय.”

६

वसाहतीतल्या देवळाच्या ओट्यावर सुनंदा धुरी बसल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी. दोन दिवस देवळातल्या बायकांनी त्यांना जेवू घातलं होतं, झोपायला सतरंजी दिली होती, आणि कुणाला फोन लावायचा असं चारचारदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. जिच्याशी बावीस वर्षं बोललो नाही तिला फोन करायचा तर आधी बोलावं लागणार.

रिक्षातून शांताबाई उतरल्या. मृणालिनीबाई मुद्दाम मागे राहिल्या. तरी ऐकू येत होतं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बघण्याची सवय होती. बोलायची गेली होती. शांताबाईंचे ओठ हलत होते, पण काचेपलीकडे असल्यासारखा आवाज बाहेर येत नव्हता.

शेवटी थोरलीनेच सुरुवात केली. “टेप लावीत होतो, तो कोण?”

“किचनवालो,” शांताबाई म्हणाल्या. त्यांची मालवणी मुलुंडात कुठेतरी खोल जाऊन बसली होती, ती एकदम वर आली. “कपाट बसवूक इलो होतो. वयनी, तुका आमी दिसत होतंव, तर बोललंस कित्याक नाय?”

“खिडकी म्हटल्यार दोनी बाजूंनी दिसता. ह्यात सांगूचा काय?” सुनंदाबाई खरोखरच चकित झाल्या होत्या. “तुका ठावक नाय होता?”

“नाय.”

“मग रोज सकाळी माझ्यावांगडा चाय कोण पी होता?”

शांताबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी थोरल्या जावेचा हात धरला. हात दिसायचा त्यापेक्षा खरखरीत होता. नखांत आमसुलांचा काळपट रंग होता, आणि त्याला आंबट वास येत होता. बावीस वर्षांत हा वास एकदाही खिडकीतून आला नव्हता. शांताबाईंनी तो हात नाकाशी नेला आणि मग त्या जे रडल्या, ते बघून रिक्षावाल्याने मीटर बंद केलं.

“नंदूभावजी गेले,” सुनंदाबाई म्हणाल्या, “तेवा मी हाक मारी होतंय तुका. खूप मारलंय.”

“आयकाक येना गे.”

“कळला माका. तरी मारलंय.”

७

सुनंदाबाई मुलुंडला पंधरा दिवस राहिल्या. त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिरल्या तेव्हा त्यांना काहीच विचारावं लागलं नाही. चहाची पावडर कुठे, साखर कुठे, अक्षता रागावली की कुठला डबा आपटते, सगळं त्यांना पाठ होतं. फक्त खोलीला मागची बाजू आहे, याचं त्यांना फार नवल वाटलं. खिडकीची भिंत त्यांनी कधी पाहिली नव्हती.

खात्याला मृणालिनीबाईंनी दोन ओळींचा अहवाल पाठवला. चोरी झालेली नाही. खिडक्या एकतर्फी नाहीत, निदान आमच्या अज्ञानाइतक्या तरी नाहीत. खात्याने दुसरी ओळ विचारार्थ ठेवली आहे.

एक प्रश्न मात्र उरला. झडपा उघडायच्या तर खळ्यातूनच, आणि सात दिवसांची मुदत मृणालिनीबाईंनी ओळखीने वाढवून घेतली असली तरी ती संपत आली होती. सुनंदाबाई निघाल्या. शांताबाईंनी त्यांची पिशवी भरली, आणि शेजारी आपलीही भरली.

“किती दिवसांसाठी?” सिद्धेशने विचारलं.

“बघू,” शांताबाई म्हणाल्या. “बारावं राहिलंय सासूबाईंचं.”

सोमवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. सिद्धेश आणि अक्षता ऑफिसला गेले होते. खात्याचा माणूस आला तर हजर राहावं म्हणून किल्ली मृणालिनीबाईंकडे दिली होती. त्यांनी चहासाठी दूध तापत ठेवलं आणि खिडकीसमोर स्टूल ओढून बसल्या. काळोखातली ती उजेडाची रेघ अजून होती.

दहाला पाच कमी असताना रेघ रुंद झाली.

आधी बोटभर, मग हातभर. मग दोन्ही झडपा बाहेर गेल्या आणि ऊन थेट स्वयंपाकघरात पडलं. खळं, तुळस, फणस. आणि अगदी समोर, काचेपासून वीतभर अंतरावर, शांताबाई. त्या आत बघत होत्या. पिवळ्या टाइल्स, ओटा, नंदूची खुर्ची. आयुष्यात पहिल्यांदाच त्या आपलं घर बाहेरून बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की मृणालिनीबाईंना नजर वळवावीशी वाटली. मुलुंडात असताना त्या खळ्याकडे ज्या नजरेने बघत, तीच ती नजर होती. फक्त आता ती इकडे लागली होती.

मग ती नजर बदलली. शांताबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी तोंड उघडलं, हात हलवले, काचेवर ठोकलं. मागून सुनंदाबाई धावत आल्या, त्यांनीही आत पाहिलं आणि दोघी एकाच दिशेला बोटं करून ओरडू लागल्या. आवाज अर्थातच काही नाही. मृणालिनीबाईंना वाटलं आनंद झालाय. त्यांनीही हात हलवला. तशा त्या दोघी आणखीच चवताळल्या. सुनंदाबाईंनी तर कपाळावर हात मारून घेतला.

मग कुठे मृणालिनीबाईंच्या नाकाला वास लागला. त्यांनी मागे वळून पाहिलं. दूध उतू गेलं होतं, ओटाभर झालं होतं, आणि ओघळ खाली पिवळ्या टाइल्सवर येत होता.

त्यांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि खिडकीपलीकडून दोघी जावा दाखवत होत्या तिथे तिथे, कोपरा न कोपरा, पुसत राहिल्या.